सॉक्रेटिसच्या नावाने मतदारांना झोडपू नये

महोदय,

रविवार पुरवणीतील ग्रीक तत्त्वज्ञांवरील लेख वाचला. बहुमताने सॉक्रेटिसचा जीव घेतला, म्हणून त्याचा शिष्य प्लेटो याने लोकशाही नाकारली आणि ते योग्यच झाले, असा त्याचा रोख आहे. इ.स.पू. ३९९ मधील देहदंड अथेन्सच्या नागरिकांच्या न्यायमंडळाने बहुमताने दिला, याबद्दल वाद नाही. मात्र त्याआधी जेमतेम पाच वर्षे, शत्रुराज्य स्पार्टाकडून हार पत्करल्यावर, याच नगरात लोकशाही मोडून तीस जणांची राजवट आली होती आणि वर्षभराच्या आत तिने किमान १५०० माणसे मारल्याची नोंद आहे. तिचा म्होरक्या क्रिटियास हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ, शिवाय सॉक्रेटिसच्या बैठकीतला. या काळाबद्दल लेखात अवाक्षरही नसावे, हे खटकते.

सॉक्रेटिसने मात्र बचावाच्या भाषणात दोन्ही राजवटींचा अनुभव शेजारीशेजारी मांडला आहे. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसीच्या लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित खटला चालवण्याचा बेकायदा ठराव सभेपुढे आला, तेव्हा त्याने एकट्याने विरोध केला. लोक खवळले, अटकेच्या धमक्या आल्या, पण त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. पुढे तीस जणांनी त्याच्यासह पाच जणांना सलामिसच्या लिऑनला मारण्यासाठी धरून आणायला धाडले. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. ती राजवट लवकर कोसळली नसती तर बहुधा आपण तेव्हाच मेलो असतो, असे तो स्वतः सांगतो.

लेखातील जहाजाचा दाखलाही मुळाशी जुळत नाही. प्रवाशांनी मते देऊन कप्तान निवडावा का, हा प्रश्न प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये नाहीच. तिथे जनता ही जहाजाची मालक आहे. अंगाने धिप्पाड, पण कानाने आणि डोळ्यांनी थोडी अधू. सुकाणूसाठी भांडणारे, मालकाला गुंगीचे औषध पाजणारे आणि नौकानयन शिकवताच येत नाही असे सांगणारे खलाशी म्हणजे पुढारी. प्लेटो लोकशाहीवादी नव्हता हे मान्य, पण त्याचा खरा राग कोणावर आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

प्रेमाविषयीच्या ‘सिम्पोझियम’ या संवादाचा लेखात ओझरताच उल्लेख आहे. वास्तविक तिथेही हाच धागा सापडतो. दारूच्या नशेत मेजवानीत शिरलेला अथेन्सचा पुढारी अल्किबायडीज कबूल करतो की, जगात फक्त सॉक्रेटिससमोर आपल्याला लाज वाटते, पण त्याच्यापासून दूर होताच आपण गर्दीच्या वाहवेला भुलतो. ही मेजवानी इ.स.पू. ४१६ मधली. पुढच्याच वर्षी याच देखण्या, लाडक्या पुढाऱ्याच्या आग्रहावरून अथेन्सने सिसिलीवर आरमार पाठवले आणि ते तिथेच गमावले. टाळ्यांसाठी हपापलेला पुढारी इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

लेखमाला पुढे चालणार असल्याचे आपण छापले आहे. पुढील लेखात अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चा तिसरा भाग घ्यावा, अशी विनंती आहे. एकेकटी सामान्य असलेली माणसे एकत्र बसून विचार करतात, तेव्हा थोड्या निवडक शहाण्यांपेक्षा त्यांचा निर्णय सरस ठरू शकतो, हा युक्तिवाद प्लेटोच्याच या शिष्याने तिथे तपासून पाहिला आहे.

एक वाचक, सांगली