झाडं आहेतच की, मग कृत्रिम पान कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाने लिहिलं होतं की झाडं फुकटात प्रकाशसंश्लेषण करतायत तर सायंटिस्ट लोक लॅबमध्ये कृत्रिम पान बनवायला एवढा पैसा का घालवतात, त्यापेक्षा वेताळ टेकडीवर झाडं लावा. झाडं लावाच हो, आणि आहेत ती तोडू नका हे तर आधी, पण हे संशोधन झाडांना पर्याय म्हणून चाललेलंच नाही. सावली, पक्षी, ऑक्सिजन यासाठी कोणी ते करत नाहीये. कृत्रिम पान म्हणजे उन्हाच्या जोरावर पाणी फोडणारं, म्हणजे त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करणारं साधन; उन्हापासून थेट इंधन बनवायचंय, एवढंच.

आणि इंधनाच्या हिशोबात झाड तसं कच्चंच आहे. ऊस घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसातून येतं, म्हणजे आपण गाडीत उसाने साठवलेलं ऊनच जाळतो. ऊस तर या कामात पिकांमधला पैलवान, तरी शेतावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम १-२ टक्के त्याच्या अंगी लागतं, त्यातून मुळं, पाचट, चिपाड वजा करा, वर्ष-दीड वर्ष शेत अडकून, आणि पाणी किती पितो ते उजनीच्या आसपासच्या लोकांना विचारा. यात उसाची काही चूक नाही, त्याला जगायचं असतं, वाढायचं असतं, आपली टाकी भरून देईन असं त्याने कधी कबूल केलं नव्हतं. उलट थेट पाणीच फोडलं तर ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन निघतो आणि त्यात साधारण साडेतीन लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते.

मग कोणी म्हणेल गच्चीवर सोलर पॅनल लावा की, ते उन्हातल्या २० टक्क्यांची वीज करून देतं. बरोबर, लावा. पण वीज रात्रीसाठी ठेवायची तर बॅटरी लागते, आणि विमानं, बोटी, पोलाद, युरिया ही मंडळी विजेवर सहज भागत नाहीत. युरियाचंच बघा ना, त्याला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, तो आपण आज नैसर्गिक वायूपासून काढतो, तो वायू बराचसा बाहेरून येतो, आणि वर १ किलो हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो ते वेगळंच. २०२२ मध्ये केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनवरची बस पुण्यात आली तेव्हा धूर नाही फक्त पाण्याची वाफ याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, पण हायड्रोजन जर वायूपासूनच काढायचा तर धूर फक्त दुसरीकडे गेला. तो उन्हात पाणी फोडून मिळाला तर खत, बस, पोलाद सगळ्यांचीच सोय होते. शिवाय सिमेंटसारख्या कारखान्यांच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून या हायड्रोजनच्या मदतीने त्याचं मिथेनॉल करता येतं, आणि तिथून पुढे प्लॅस्टिक, विमानाचं इंधन वगैरे.

कल्पना काही आजची नाही. इटलीतल्या बोलोन्याचे केमिस्ट जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच सांगितलं होतं की कोळसा कायमचा पुरणार नाही, ओसाड जमिनीवर काचेच्या नळ्या उभारून उन्हाकडूनच काम करून घेऊ. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपान्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडल्याचं छापलं, पुढच्याच वर्षी तेलाच्या किमतींचा भडका उडाला आणि मग जगभर लोक याच्या मागे लागले. २०११ मध्ये अमेरिकेत केमिस्ट डॅनियल नोसेरा यांनी सिलिकॉनचं पान पाण्यात बुडवून उन्हात बुडबुडे काढून दाखवले, त्यांच्या कंपनीत टाटांनीही पैसे घातले होते, पण स्वस्त हायड्रोजनचं गणित बसेना म्हणून ती कंपनी बॅटरीकडे वळली. २०२१ मध्ये जपानमध्ये दोमेन या शास्त्रज्ञांच्या टीमने १०० चौरस मीटरचं पॅनल बाहेर उघड्यावर कित्येक महिने चालवलं, एफिशियन्सी (पडलेल्या उन्हातलं किती इंधनात उतरलं ते) जास्तीत जास्त ०.७६ टक्के, म्हणजे उसापेक्षाही कमी, हे पण सांगायला हवं. कारण त्यांचं मटेरियल फक्त अतिनील किरण वापरतं आणि ते उन्हात असतात ५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं ऊन वाया.

दुसरी अडचण टिकण्याची. खरं पान स्वतःची डागडुजी करतं, कडक उन्हात त्यातल्या पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रोटीन अर्ध्या-एक तासात खराब होतं आणि पान ते काढून नवीन बसवतं, दिवसभर हेच चालू. आपले बहुतेक उत्प्रेरक, म्हणजे पाणी फोडायची क्रिया घडवून आणणारे पदार्थ, एकदा बिघडले की बिघडले. त्यामुळे आज तरी सोलर पॅनलच्या विजेने पाणी फोडणं हाच जवळचा रस्ता आहे असं माझं मत आहे, पण तिथे पॅनल आणि पाणी फोडणारं यंत्र अशी दोन महागडी यंत्रं लागतात आणि थेट पद्धतीत जमलं तर एकच, म्हणून लोक चिकाटीने मागे लागलेत आणि त्यावर खर्च केला तर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती हेडिंगबद्दल. कृत्रिम पानाची बातमी आली की लगेच 'क्रांती' छापता, मग दोन वर्षांनी लोक विचारतात कुठे आहे ती. पुढच्या वेळी एफिशियन्सी किती, खऱ्या उन्हात किती तास चाललं का नुसतं लॅबमधल्या दिव्याखाली, आणि उत्प्रेरकात महागडं प्लॅटिनम-इरिडियम आहे का स्वस्त निकेल-लोखंड, एवढं तरी विचारून छापा. एनसीएल आणि आयसर या दोन्ही विज्ञान संस्था इथे पुण्यात पाषाणलाच आहेत, रिपोर्टरला फार लांब जायला नको.

आपला एक वाचक,
कोथरूड, पुणे