शिक्का शेताचा, ब्रेड बेकरीचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ‘सेंद्रिय ब्रेडच का?’ हा लेख वाचला. शीर्षकात प्रश्न विचारला, उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पूर्वीसारखा’ हे शब्द इतक्यांदा आले की ही जाहिरात तर नाही ना, म्हणून मी पान उलटून पाहिलं. जाहिरात मागच्या पानावर होती. सेंद्रिय ब्रेडचीच. योगायोग म्हणायचा.

मी स्वतः सेंद्रिय ब्रेडच घेते, म्हणून जास्त राग आला. गहू रासायनिक खतं आणि कृत्रिम कीटकनाशकं न वापरता पिकवला, हे सेंद्रियचा शिक्का सांगतो आणि ते काही थोडं नाही. कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा ब्रेड खाणाऱ्यांनी तर त्याचा विचार करावाच, कारण फवारणीचा अंश राहतो तो जास्त करून दाण्याच्या बाहेरच्या थरात. काही देशांत पीक एकसारखं वाळावं म्हणून कापणीच्या तोंडावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. सेंद्रिय घ्यायला एवढं कारण पुरे होतं. तुमच्या लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही. त्याऐवजी पोटॅशियम ब्रोमेटचा, म्हणजे ब्रेड फुगावा म्हणून पिठात घालायच्या रसायनाचा, बागुलबुवा उभा केलाय. ब्रिटनने ते १९९० मध्ये बंद केलं, भारताने २०१६ मध्ये. बंदी आली म्हणजे कोणीच वापरत नाही असं मी म्हणणार नाही, पण निदान बंदी आहे एवढं तरी लिहायचं!

आता मुद्दा. गहू गिरणीतून बेकरीत गेला की पुढे त्याचं काय करतात, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध फार थोडा. मध्यंतरी एका मोठ्या दुकानातून मी असाच एक ब्रेड उचलला. पुडक्यावर हिरवं पान, हसरा शेतकरी, ‘सेंद्रिय’ हे अक्षर लांबूनही वाचता येईल असं. पुडकं उलटलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. (हे एक वाक्य लेखात असतं तरी वाचकांचं भलं झालं असतं.) पहिला घटक सेंद्रिय मैदा. मग पाणी, सेंद्रिय साखर, यीस्ट आणि वरून घातलेलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. कोंडा होता, नाही असं नाही. वरच्या कवचावर भुरभुरवलेला.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “याचं पीठ किती तास आंबवतात?” त्याने पुडकं माझ्या हातातून घेतलं, सुलटं केलं आणि हिरव्या पानावर बोट ठेवून म्हणाला, “सेंद्रिय आहे, काकू.” ते दिसतंय, तास किती? त्याने आतून साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, “मॅडम, यात केमिकल नाही.” मी तिसऱ्यांदा तास विचारले. तर मलाच उलटा प्रश्न, “तुमची बेकरी आहे का?” मागे रांगेत लोक चुळबुळ करायला लागले, म्हणून पैसे देऊन निघाले. घरी चकती बोटांत दाबून बघितली, तर मळलेल्या पिठासारखी गोळी झाली. तोंडात टाकली ती टाळूला चिकटून बसली. जो ब्रेड सोडून याच्याकडे आले होते, त्याचाच हा जुळा भाऊ!

तास विचारले ते काही कुचकटपणा म्हणून नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवूडच्या संशोधकांनी एक पद्धत काढली. पीठ काही मिनिटं प्रचंड वेगाने घुसळायचं, यीस्ट जास्त घालायचं, थोडी घट्ट चरबी आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालायचं. पूर्वी पीठ तासन् तास मुरत ठेवावं लागे, ते काम या घुसळण्यात उरकलं. शिवाय तिथल्या कमी प्रथिनांच्या गव्हाचाही फुगलेला ब्रेड निघायला लागला. हीच पद्धत पुढे कितीतरी देशांत गेली. ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व, त्याला घाबरायचं कारण नाही, आणि युरोपच्या नियमांत ते सेंद्रिय ब्रेडलाही चालतं. म्हणजे गहू सेंद्रिय आणि ब्रेड झटपट, हे दोन्ही एकाच पुडक्यात अगदी कायदेशीरपणे नांदू शकतं. पीठ सावकाश आंबवलं, त्यातून आंबवण जपून केलेल्या साउरडो ब्रेडचं, की धान्यातलं लोह-जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्ल फुटतं आणि लोह-जस्त अंगी लागायला मदत होते. चव येते ती वेगळीच. हे पुडक्यावर छापत नाहीत, विचारावं लागतं आणि विचारलं की बेकरी आहे का म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

लेखातल्या दोन वाक्यांना मात्र हात जोडते. ‘ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी सेंद्रियकडे वळावं.’ का? सेंद्रिय गव्हातही ग्लुटेन असतंच. सिलिॲक रोग (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) असलेल्या कोणी हे वाचून ब्रेड खाल्ला तर पुरवणीचे संपादक बघायला जाणार आहेत का? दुसरं, बुरशी लवकर येते म्हणून ब्रेड फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला. बुरशी थांबेल, पण त्या थंडाव्यात स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो आणि ब्रेड शिळा, वातड लागतो. चकत्या करून फ्रीझरमध्ये टाकायच्या, लागतील तशा काढून भाजायच्या.

जाता जाता, घटकांची यादी बारीक छापतात म्हणून लेखकाने कंपन्यांना झोडपलंय, ते बरोबरच आहे. पण तेवढ्याच बारीक टाइपात तुमचं शब्दकोडं येतं, तेही राखाडी रंगावर. चष्मा बदलून झाला, आता तुम्ही टाइप बदला. आणि मागच्या पत्रातला मुख्य परिच्छेद कापून फक्त ‘लेख आवडला’ एवढंच छापलं होतंत. या वेळी लेख आवडलेला नाही. जागा कमी पडली तर शब्दकोड्याचं कापा, ग्लुटेनचं ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक