अण्णा, चिठ्ठी खिशातच राहिली

नागपूर,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ती. अण्णा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अधिवेशन काल संपलं. आठवडाभरानं आज सुट्टी मिळाली. सकाळी दोन बादल्या कपडे धुतले, आणि धुण्याआधी अ‍ॅप्रनच्या खिशातून तुमची चिठ्ठी काढून ठेवली. अण्णा, आधीच सांगून टाकते, ती मी आपल्या आमदारांना दिली नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईनं मला जेवायला काय केलं ते विचारलं असतं. म्हणून लिहितेय.

यंदा माझी ड्यूटी आमदार निवासातल्या वैद्यकीय पथकात होती. सिव्हिल लाइन्समध्ये, विधान भवनापासून जवळच. एक खोली, दोन खाटा, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि ओआरएसची पाकिटं. आजार म्हणाल तर बसलेले घसे, अ‍ॅसिडिटी, थंडी वाजणं, आणि सकाळी सकाळी हाणलेले तर्रीपोहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं, म्हणून डिसेंबर आला की अर्धं सरकार नागपुरात उतरतं. यंदा तर मंत्र्यांचा शपथविधीही इथंच झाला, १५ तारखेला राजभवनात, ३९ जणांचा. त्यामुळे गर्दी विचारू नका. हारवाल्यांची चांदी झाली.

आणि कागद घेऊन आलेली माणसं. अण्णा, किती माणसं! फाइल, प्लॅस्टिकची पिशवी, गुंडाळलेला सातबारा, कुणाकडं नुसती घडी घातलेली वही. बुधवारी एक म्हातारे आले, गडचिरोलीकडचे. चक्कर येतेय म्हणाले. बीपी १९० वर. डॉक्टरांनी गोळी देऊन पडून राहायला सांगितलं, तर पडूनही हात छातीवर. शर्टाच्या आत दुधाची धुतलेली पिशवी आणि पिशवीत मुलाच्या नोकरीचा अर्ज. मला विचारत होते, "कोण्या दारानं निघते वो साहेब?" मला दार ठाऊक होतं. सांगितलं. ते उठून गेले. डॉक्टर मला ओरडले, बरोबरच ओरडले.

ते गेल्यावर माझा हात आपोआप खिशाकडं गेला. तुमच्या चिठ्ठीची घडीसुद्धा तशीच, चार पदरी.

मी ती तोवर उघडली नव्हती. त्या रात्री उघडली. बदलीचं तुम्ही चार ओळींत लिहिलंय, नीट लिहिलंय. मुलगी परिचारिका, नागपुरात २०१७ पासून, आम्ही दोघंच घरी, पंढरपूर किंवा सोलापूरला मिळाली तर बरं. पण खाली सहीच्या वर तुम्ही लिहिलंय: "आपला १९७४ पासूनचा कार्यकर्ता." तिथं मी अडले. पन्नास वर्षांत हे वाक्य तुम्ही कुठल्या कागदावर लिहिल्याचं मला आठवत नाही. स्वतः आबासाहेबांना, आपल्या गणपतराव देशमुखांनाही लिहिलं नव्हतंत.

हे मी कुणाला सांगायला गेले तर हसतात. इथं सांगोल्याचं नाव काढलं की एकच उत्तर येतं: "काहून गं, काय झाडी, काय डोंगार तेच ना तुमचं गाव?" २०२२ पासून आपला तालुका म्हणजे गुवाहाटीवरून आलेला एक फोन. आपल्याकडं ना झाडी ना डोंगर, हे कुणाला पटवणार? मग मी सांगते की त्याच तालुक्यानं एकच माणूस ११ वेळा विधानसभेत पाठवला, एकाच पक्षातून, आणि तो पक्ष म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. माझ्यासोबतची सिस्टर यवतमाळची आहे. ती लगेच जांबुवंतराव धोटे काढते. पेपरवेट भिरकावला, १९६४ साली विधानसभेतून काढलं, पुढं याच नागपुरातून लोकसभेवर गेले. तिच्या वडिलांनी त्यांच्या सभा ऐकल्यात, ती सांगताना हातवारे करते. मला आबासाहेबांबद्दल असं भिरकावण्यासारखं काही सांगता येत नाही. मी म्हणते, आमचे एसटीनं जायचे. ती म्हणते, बस?

बस. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत, कारण तुम्ही ती मला बोटानं दाखवायचात. पण खरं सांगू का अण्णा, साधेपणाचं कौतुक मला आता जरा सोपं वाटतं. धोतर-टोपीचा फोटो कुणीही टाकतो. अवघड होतं ते दुसरंच. शेकापच्या थोरल्या नेत्यांतले केशवराव जेधे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परत गेले होते. आबासाहेब १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, आणि पुढं पक्ष हळूहळू झिजत गेला. असा पक्ष, ज्यात राहून काही मिळायचं नाही, तो धरून बसायचं. मंत्री झाले ते दोनदा, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ ला आघाडी सरकारात. बाकी सगळा काळ समोरच्या बाकावर.

तुमचा हिशेब मला पाठ आहे. १९७२ ला आबासाहेब पडले आणि पाऊस मात्र पडला नाही. तुम्ही तेव्हा विशीत होतात, मत नव्हतं, कारण २१ पूर्ण लागायची. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होती, सोळाव्या वर्षी, आणि सुकडी खाऊन आली की रात्री पोट दुखायचं असं ती अजून सांगते. मग १९७४ ची पोटनिवडणूक, तुमचं पहिलं मत. तिथून २०१४ पर्यंत दहा मतं: नऊ विजय, एक पराभव.

तो एक पराभव आपल्या घरात जितका जगला तितका कुठलाच विजय जगला नाही. १९९५, आणि फरक १९२ मतांचा. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत बसला होतात, मतदानाला कोण कोण गेलं नाही त्यांची. आपल्या भावकीतली अकरा माणसं त्या दिवशी जतला लग्नाला गेली होती. अकरानं १९२ भरत नाहीत, हे आईनं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "असल्या सतरा-अठरा भावक्या असतील की तालुक्यात." दोन दिवस धड जेवला नाहीत. तेव्हापासून दूध उतू गेलं की आई म्हणते, "गेलं एकशे ब्याण्णवनं." इथं हॉस्टेलवर मी एकदा चहा उतू गेल्यावर तसं म्हटलं, तर सगळ्या बघत राहिल्या.

२०१९ ला आबासाहेब वयामुळं उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. तुम्ही फोनवर पहिलं वाक्य बोललात ते हेच: "१९२ चोक ७६८." मी खरंच गुणाकार करून बघितला होता. समोरचा उमेदवारही दोन्ही वेळेला तोच होता. देवाला गणित येतं, असं आई म्हणाली.

आता आईचं. आई, तू अण्णांसमोर बोलत नाहीस, पण मला माहितीय तुला काय वाटतं. "एसटीनं गेला म्हणून विहिरीला पाणी येतं का?" हे तू एकदा चुलीपाशी म्हणाली होतीस. टेंभू, म्हैसाळ या पाणी योजनांची नावं मी पाढ्यांसारखी ऐकत वाढले. आटपाडीच्या पाणी परिषदेला अण्णा भाकरी बांधून टेंपोनं जायचे. नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, १३ दुष्काळी तालुके. परत यायचे ते घसा बसलेले आणि खूश. आणि तू त्या दिवशीही दोन कोसांवरून घागर आणलेली असायचीस. पाणी आलं, नाही असं नाही, माण नदीतून वाहताना मी स्वतः पाहिलंय. पण तुझे गुडघे गेल्यावर आलं. हा हिशेब अण्णांच्या वहीत नाही आणि आबासाहेबांवर लिहिलेल्या लेखांतही नाही.

तरीही मी त्यांना बोल लावू शकत नाही. दर निवडणुकीला आमदार तोच आणि सरकार दुसऱ्याचं, अशा माणसाच्या हातात असतं किती? बोलत राहणं, लिहीत राहणं, आणि जे आपल्या आवाक्यात आहे ते नीट चालवणं. सूतगिरणी बघा. आपल्याकडं कापूस असा कितीसा पिकतो, तरी ती चालली. आणि इथं कापसाच्या मुलखात, १८७७ ला सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा आहे. मी तिथं चपला घ्यायला जाते. दर वेळी मला अण्णांचा गिरणीचा पास आठवतो, तो ठेवलेला डबा अजून आहे का माळ्यावर?

एक कबुली. मी इथं रुजू झाले त्या २०१७ च्या डिसेंबरात आबासाहेब याच शहरात, अधिवेशनाला होते. नव्वदी ओलांडलेली. तुम्ही म्हणाला होतात, जाऊन नुसत्या पाया पडून ये. मी नाइट ड्यूटीचं कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं, पण दिवस मोकळा होता, मी झोपले. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा तुमचा फोन आला, मी वॉर्डात होते, उचलला नाही. नंतर तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत. त्यापेक्षा बोलला असतात तर बरं झालं असतं.

तर चिठ्ठी. आता आपले आमदार त्यांचेच नातू आहेत, अख्ख्या विधानसभेत शेकापचे एकटे. ते याच इमारतीत उतरले होते की बाहेर कुठं, याची मी चौकशीसुद्धा केली नाही. केली असती तर कदाचित गेले असते. नियमाचं म्हणाल तर सरकारी नोकरानं बदलीसाठी बाहेरून वजन आणायचं नसतं, १९७९ च्या वर्तणूक नियमांत तसं आहेच. पण नियम कोण पाळतो, माझ्यासमोर रोज शंभर कागद आत जात होते. नियमासाठी नाही थांबले मी. तुम्ही ५० वर्षं काही न मागता काढलीत, त्याचं पहिलं बिल माझ्या नावानं फाटावं हे मला सोसेना. आई म्हणेल, अण्णांचा ताठा लेकीत उतरलाय. असेल. ताठ्यानं तुमचे डोळे तपासले जात नाहीत, हेही मला कळतं. त्या म्हाताऱ्यांना मी दार दाखवलं आणि तुमचा कागद खिशात ठेवला, यात कुठं तरी खोट आहे, पण मला ती अजून नीट सापडलेली नाही.

रीतसर अर्ज मी केलेला आहे. बदल्या एप्रिल-मेमध्ये निघतात. निघाली तर ठीक, नाही तर पुढच्या वर्षी परत.

अण्णांच्या मोतीबिंदूचं मात्र एप्रिलपर्यंत थांबवायचं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी दहा दिवसांची रजा टाकली आहे. कोल्हापूरच्या गाडीनं येते, सांगोल्यातच उतरते, स्टेशनवर कुणी येऊ नका. त्याआधी अण्णांची शुगर दोनदा तपासून आकडे मला कळवा, जेवणाआधी आणि जेवणानंतर. वाढलेली असेल तर ऑपरेशन पुढं ढकलतील आणि माझी रजा फुकट जाईल. आई, गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस, किती वेळा सांगू. संत्री आणते, आंबिया बहार संपत आलाय पण मिळतील. डाळिंबाच्या नवीन रोपांचं काय ठरलं ते लिहा. तेल्या रोगानं एकदा बाग काढायला लावली, परत त्याच रानात लावू नका एवढंच माझं म्हणणं.

तुमचा कागद सोबत परत पाठवतेय. मागची बाजू कोरी आहे, शुगरचे आकडे त्यावरच लिहून ठेवा.

तुमची,
धाकटी