आजींच्या हातातली पेन्सिल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येण्याआधी कॅन्सर झालेल्या त्या मुलाच्या फायलीत तीन ठिकाणी एकच ओळ होती, 'कौटुंबिक इतिहास: नाही'. विचारलं होतं इतकंच, 'घरात कुणाला कॅन्सर?' घाबरलेल्या बापाने मान हलवली आणि पान उलटलं गेलं. त्या घाईचा राग अजून जात नाही. मागच्या पिढीत कॅन्सर हा शब्दच घरात उच्चारत नसत. पायाला गाठ यायची, पोटात पाणी व्हायचं, डोकं दुखून दुखून माणूस जायचा.

तुम्ही कोरा कागद घेतलात, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, तीन पिढ्यांच्या ओळी आखल्यात आणि पेन्सिल आजींकडे दिलीत. "आजी, माणसं तुमची, तुम्हीच भरा." तोवर आजींना कुणी काही विचारलंच नव्हतं, त्या नुसत्या डबा घेऊन बाकावर बसायच्या. त्यांनी थरथरत्या हाताने चार वर्षांचा दीर मांडला, मांडीच्या गाठीने गेलेला. मग एकतिशीत छातीच्या गाठीने गेलेली नणंद. दोघंही बापाच्या बाजूची! स्तनाचा कॅन्सर म्हटलं की फक्त आईच्या माहेरची चौकशी होते, हाही जुनाच घोटाळा.

ली आणि फ्रॉमेनी यांनी १९६९ साली ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंसारख्या पेशींचा कॅन्सर, झालेल्या ६४८ मुलांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा चार कुटुंबांत असाच, एका घरात अनेकांना कॅन्सर झाल्याचा, माग लागला. त्यामागे पेशींना कॅन्सरपासून राखणाऱ्या टीपी५३ या जनुकातला बदल आहे हे १९९० मध्ये कळलं.

बायोप्सीच्या अहवालातला 'ॲनाप्लेसिया' हा शब्दही तुम्हीच पकडलात. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात पेशींची केंद्रकं अशी मोठी, गडद, वेडीवाकडी दिसली की घरात कुणाला काही नसलं तरी टीपी५३ तपासायचं, कारण काही मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. गाठीत सापडलेला बदल नुसता गाठीपुरताही असू शकतो, म्हणून तुम्ही रक्त वेगळं पाठवलंत. जनुकाचा मोठा तुकडा गळाला असेल तर जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये ते निसटू शकतं, म्हणून असे गळालेले तुकडे शोधणारी एमएलपीए चाचणीही मागितलीत. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावर कुणाचेही उपचार बदलायचे नाहीत, हे रक्त घेण्याआधीच घरच्यांना समजावलंत.

रक्तातही बदल पक्का झाल्यावर तुम्ही सर्जनशी बोललात. अशा मुलांत किरण दिलेल्या जागी पुढे नवी गाठ होण्याचा धोका जास्त, म्हणून जमेल तिथे शस्त्रक्रियेवर भर द्यायचा; किरणांवाचून आजार आटोक्यात येणार नसेल तर मात्र ते द्यायचेच. पुढची तपासणीही ठरली: दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, वर्षातून एकदा मेंदूचा आणि पूर्ण शरीराचा एमआरआय, सीटी शक्यतो नाही.

वडिलांचा अहवाल तुम्ही त्यांना दार लावून, एकट्याला सांगितलात. 'कुणाकडून आलं' हे बाहेरच्या बाकावर कुणाच्या तोंडी येऊ दिलं नाहीत. असं वागायला वेगळं यंत्र लागत नाही की निधी लागत नाही, तरी ते किती कमी ठिकाणी दिसतं.

मुलाच्या धाकट्या बहिणीला हाच बदल असण्याची शक्यता निम्मी होती. पुन्हा अनेक जनुकांचं मोठं पॅनेल न करता तिच्या रक्तात तेवढा एक बदल शोधायला सांगितलात. तो तिला नाही. तिला दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

आजींनी भरलेला तो कागद फायलीत सगळ्यात वर लावला आहे.

आपले कृतज्ञ,
मुलांच्या वॉर्डातले आम्ही सगळे