लिनक्सची परीक्षा बिघडलेल्या मशीनवरच घ्या

संपादक महोदय,

महापे येथील एका कंपनीत मी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर चालणारे सर्व्हर सांभाळतो. भरतीच्या वेळी मुलांना मी प्रत्यक्ष मशीनवर एकच प्रश्न घालतो. डिस्क शंभर टक्के भरलेली असते. मुलगा शोधून मोठी लॉग फाईल (मशीनच्या नोंदींची) मिटवतो, तरी जागा सुटत नाही. कारण एका चालू प्रोग्रामने ती फाईल अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्राम ती सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. नाईट शिफ्टला हा प्रकार नेहमीचाच. गेल्या वेळी आलेल्या चौघांकडे क्लासची चकचकीत सर्टिफिकेटं होती. तिघं गोंधळून माझ्याकडे बघत बसले. चौथ्याने विचारलं, "सर, मशीन रीस्टार्ट करू का?" त्याने जागा सुटते, हे खरं. पण भर दुपारी गिऱ्हाइकाचा चालू सर्व्हर कोण बंद करू देईल?

मुलांचा दोष नाही. क्लासच शिकवतो, तोच परीक्षा घेतो, तोच सर्टिफिकेट छापतो. प्रश्न बहुपर्यायी, आणि त्यांचे 'डम्प', म्हणजे फुटलेले प्रश्नसंच, आदल्या रात्रीच मोबाईलवर येतात.

बाहेरच्या परीक्षा आहेत. 1999 पासूनची एलपीआय (लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट) ही संस्था कुठल्याच कंपनीला बांधलेली नाही, पण तिच्या पहिल्या पातळीच्या दोन्ही पेपरांत प्रत्येकी 60 प्रश्नच सोडवायचे असतात. रेड हॅट ही लिनक्स बनवणारी कंपनी प्रत्यक्ष मशीनवर काम करून घेते, ते मला पटतं. मात्र ती त्यांच्याच लिनक्सची परीक्षा, आणि फी दिघ्या-कळव्यातल्या मुलाने घरी सांगताना दहादा विचार करावा अशी.

एमएस-सीआयटी 2001 पासून गावोगाव पोचली. मग लिनक्स ॲडमिनची, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याची, परीक्षा राज्याला का जमू नये? सॉफ्टवेअर फुकट आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेचं, डेबियन या मुक्त लिनक्सवर बेतलेलं 'बॉस' लिनक्स तर आपल्याच देशातलं. आयटीआयच्या लॅब रविवारी वापरता येतील. कमांड इंग्रजीतच राहतील, पण 'या युजरला ही फाईल का वाचता येत नाही ते शोधा आणि दुरुस्त करा' हे मराठीत विचारायला काय हरकत आहे?

अभ्यासक्रम मात्र समितीने बंद खोलीत ठरवू नये. 2005 साली बीएसडी या मुक्त प्रणालीसाठी प्रमाणपत्र आखणाऱ्या गटाने आधी काम करणाऱ्या ॲडमिननाच विचारलं होतं, की तुम्ही रोज नेमकं काय करता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर असं विचारायला माणसं कमी नाहीत. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा हवा, एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाळा. आणि एलपीआयप्रमाणे पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायला लावा.

बिघडवलेली मशीन्स तयार करून द्यायला मी आनंदाने येईन. डिस्कचा प्रश्न मात्र आता छापून आल्यावर मला बदलावा लागेल.

— एक सिस्टीम ॲडमिन, ऐरोली