न विकलेल्या फळ्यांबद्दल आभार

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र हातातच दिलं असतं, पण "कशाला हे गुरुजी" म्हणत तुम्ही ते गल्ल्याखाली सारलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय, नातू वाचून दाखवेल. तुमचं आणि तुमच्या लाकडाच्या वखारीचं नाव टाकत नाही, ती तुमचीच अट. "उद्या गावातली सगळी पोरं धनुष्याला लाकूड मागत येतील, मग मी धंदा कधी करू?" नांदेडात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

दिलेल्या लाकडाचे पैसे मी मोजलेत. त्याचे आभार मानत बसलो तर तुम्हीच हसाल. मला आभार मानायचेत ते तुम्ही मला न विकलेल्या फळ्यांबद्दल.

वाचणाऱ्यांसाठी थोडा हिशोब मांडतो. मी किनवटकडच्या एका शाळेत शिकवतो. गोंड, कोलाम, आंध घरांतली लेकरं आहेत, तिरंदाजीची हौस दांडगी. बाजारातलं फायबरचं धनुष्य आमच्या खिशाला झेपत नाही, म्हणून फळीतून धनुष्य काढायचं ठरलं. मोठा माणूस दोरी २८ इंच मागं ओढतो, त्या खेचीला साडेपाच ते सहा फुटांचं धनुष्य लागतं. म्हणजे फळी सहा फूट लांब, दोन इंच रुंद, इंचभर जाड. घनफुटात बसवा, घनफुटाचा बारावा हिस्सा होतो. तुमच्याकडं येणारं गिऱ्हाईक दारं, चौकटी, दिवाण यांची यादी घेऊन येतं आणि वीस-वीस घनफूट उचलतं. त्या बाराव्या हिश्श्यासाठी तुम्ही पोराला हाताशी घेऊन अख्खी थप्पी उलथवलीत, एकेक फळी उन्हात आणून कड पाहिलीत आणि शेवटी म्हणालात, "यातलं एकबी नक्को गुरुजी. पुढची गाडी येऊ द्या."

दुसऱ्या कुणी त्या थप्पीतली पहिली फळी कापून दिली असती, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नसतं.

तुमचा पहिला प्रश्न अजून आठवतो: "वाकायला पाहिजे का नाही वाकायला पाहिजे?" वखारीत येणारा जो तो न वाकणारं लाकूड मागतो. दार वाकलं तर तो भांडायला येतो. मी उलटं मागत होतो, आणि वाकून परत सरळ होणारं. धनुष्याची तुम्हाला काही माहिती नव्हती, तसं तुम्ही सांगूनही टाकलंत. मी वाकवून दाखवलं: नेम धरणाऱ्याकडची बाजू म्हणजे पोट, ती दबते, निशाण्याकडची बाजू म्हणजे पाठ, ती ताणली जाते. तुटायचं ते बहुतेक पाठीवरून तुटतं. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "मग पाठीवर रेषा मधेच संपायला नको." झालं, पुढचं सगळं तुम्हीच शिकवलंत.

फळीचं तोंड बघून घेऊ नका, कड बघा, हा तुमचा पहिला धडा. आरा मशीनवर ओंडका सरळ रेषेत चिरला जातो, पण झाड सरळ रेषेत वाढलेलं असेलच असं नाही. त्यामुळं फळी दिसायला सरळ असते आणि आतला धागा तिरका जाऊन कडेनं बाहेर पडतो. रुंद बाजूवर रेषा टोकापासून टोकापर्यंत छान गेलेली दिसते, फळी आडवी करून कड पाहिली की तीच रेषा बुडी मारून खालून निघालेली असते. दोन्ही बाजूंनी रेषा लांबवर टिकली तरच ती फळी. टोकाला वलयं उभी दिसतात का आडवी, याचा लोक फार घोळ घालतात. धागा सरळ असेल तर उभी, आडवी, तिरपी तिन्ही चालतात, हे मी आता खात्रीनं सांगू शकतो.

आणि तो शाईचा प्रकार! ज्या लाकडावर डोळ्याला रेषा दिसतच नव्हती त्यावर तुम्ही रंध्याचा एक हात फिरवलात, कडेला समांतर पेन्सिलची रेघ ओढलीत आणि बिलबुकाजवळच्या शाईपेनातून एक थेंब त्या रेघेवर सोडलात. थेंब गोल राहिला नाही. दोन बाजूंनी बारीक मिशी फुटावी तशी शाई धाग्याधाग्यानं पळत गेली आणि पेन्सिलची रेघ सोडून तिरकी निघाली. "बघा, कुठं चालली." ती फळी तुम्ही परत थप्पीत टाकलीत. दिसायला ती सगळ्यात देखणी होती.

हा तिरकेपणा किती महागात पडतो, याचे प्रयोगशाळेत मोजलेले आकडे आहेत. २० इंचांत एक इंच धागा सरकला तर वाकतानाची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी घटते, तेवढं चालून जातं. १० इंचांत एक इंच सरकला तर जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. ५ इंचांत एक इंच म्हणजे निम्मी ताकद गेलीच म्हणायची. झटक्याचा मार सोसायची ताकद तर याहून झपाट्यानं उतरते. तुम्ही आकडे न वाचता अंगठ्यानं हेच मोजत होता.

कुठलं लाकूड नाकारलंत आणि का, तेही लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामाला येईल. मलेशियन साल वजनदार, कडक, स्वस्तही पडत होतं. तुम्ही फळीवर उलटसुलट रंधा मारून दाखवलात: एक पट्टा गुळगुळीत, शेजारचा उचकटलेला. त्याचा धागा एका थरात इकडं तर पुढच्या थरात तिकडं वळतो. चौकटीला उत्तम, पाठीला वाईट. बाभूळ चिवट खरी, औताला तिच्याइतकं दुसरं लाकूड नाही, पण सहा फूट सरळ बाभूळ धुऱ्यावर शोधून सापडत नाही, गाठ आणि पीळ ठरलेलाच. सागाबद्दल तुमचं मत मला फार आवडलं. "साग दाराचा राजा, त्याला पळवू नका." साग हवामानाला पुरून उरतो, ताणाला मात्र तितका चिवट नाही.

मागच्या बाजूला ठेवलेल्या जुन्या तुळया मात्र मला मोहात पाडत होत्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाखाली, म्हणजे तुळयांवरच्या मातीच्या छताखाली, झोपायची आपल्याकडं धास्तीच बसली. जुनी घरं उतरली की तुळया, किलचन सगळं वखारीत येऊन पडतं. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आणखी कुठं मिळणार? तुम्ही हातोडी घेऊन तुळई ठोकत गेलात, जिथं आवाज बद्द आला तिथं खडूनं खूण केलीत. खिळ्यांची भोकं, किडीची घरं, भेगा टाळून सलग सहा फूट निघेना. निघालाच तुकडा तर तो पोटाला लावा, पाठीला बांबू लावा, आणि सागाला तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी थिनरनं पुसून लगेच जोडा, एवढंही सांगितलंत. वर "आत्ता घेऊ नका" हेही.

मग अ‍ॅशची गाडी आली. कुठल्याशा बंगल्याच्या जिन्याच्या कठड्यासाठी मागवलेलं परदेशी लाकूड, पांढरट, रेषा लांबून दिसाव्यात अशा ठळक. दर वर्षी आधी मोठ्या छिद्रांचा पोकळ पट्टा आणि मग घट्ट पट्टा, असं ते झाड वाढतं. मला वाटायचं, वलयं जितकी दाट तितकं लाकूड भारी. तुम्ही सारख्या मापाच्या दोन पट्ट्या माझ्या दोन हातांत दिल्यात. दाट वलयांची हलकी भरली, कारण तिच्यात पोकळ पट्टेच जास्त. ठोकळ वलयांची जड होती, तीच घेतली. माप घेताना तुम्ही एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जादा ठेवलंत, "रंध्यालाबी काम पाहिजे की." त्या एका सुताची किंमत धनुष्य घडवणाऱ्यालाच कळते. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. सहा सुतांची पाच सूत केली की ताठरपणा ५८ टक्क्यांवर येतो. आधीच बारीक चिरलेल्या फळीत चुकायला जागाच उरत नाही.

वाळवणीचं तुमचं बोलणं मी शाळेच्या भिंतीवर लिहून लावलंय. माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळीवर एचटीचा (हीट ट्रीटेड) शिक्का दिसला की लोक ती वाळलेली समजतात. तो शिक्का किडीसाठी आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं दिली, एवढाच त्याचा अर्थ. फळी तरीही ओली असू शकते. धनुष्याला ८ ते १० टक्के ओल बरी. ओली फळी वाकून तशीच राहते, फार सुकलेली कटकन जाते, आणि आपल्याकडं मे महिन्यात दुसरा धोका, आषाढात पहिला. किराणा दुकानाच्या काट्यावर दर आठवड्याला तोलायचं, वजन उतरायचं थांबलं की हत्यार लावायचं. याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही.

बांबूसाठी तुम्ही मला स्वतःहून बुरूड गल्लीत पाठवलंत, आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. बांबूचा दम सालीलगतच्या धाग्यांत असतो, म्हणून पाठीची पट्टी आतून तासायची, बाहेरची बाजू फारशी खरवडायची नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, त्यामुळं शेतातला बांबू आणायला अडचण नव्हती. धामणीचं तसं नाही. धनुष्याला, कावडीला, दांड्यांना आपल्या भागातलं नावाजलेलं लाकूड तेच, आणि मी विषय काढताच तुम्ही हात जोडलेत: तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास असलेलं आलं तर फोन करीन, तसलं गुपचूप कुणी दिलं तर लेकरांच्या हातात देऊ नका. शाळेच्या माणसाला हे ऐकवणारा वखारवाला विरळाच.

अ‍ॅशच्या पहिल्या धनुष्याची दोन्ही पाती आता सारखी वाकतात. ते आठवीतली एक पोरगी ओढते, नेम माझ्यापेक्षा बरा आहे. तुमचा तो जादा सूत तिच्या ताकदीप्रमाणे हळूहळू तासून काढला.

तुमचा,
बाराव्या हिश्श्याचं गिऱ्हाईक

ता. क. जिन्याच्या कामातले अ‍ॅशचे चार फुटी तुकडे उरले असतील तर जाळायला देऊ नका. धाकट्या लेकरांच्या धनुष्यांना तेवढी लांबी पुरते. शनिवारी किनवटहून येणाऱ्या गाडीनं येतो, या वेळी कड मीच बघणार, तुम्ही फक्त चुकलं तर सांगा.