दिनविशेषात नंदगड कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपर हातात आला की मी आधी दिनविशेष वाचतो, मग बाकीचं. 26 जानेवारीचं वाचलं आणि खटकलं म्हणून लिहितोय. 1930, 1950, 2001 सगळं होतं पण 1831 गायब. त्या दिवशी संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिली आणि ती कुठं लांब नाही ओ, आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा माणूस, राणी 1829 मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारली तरी ह्यानं लढाई सोडली नाही, राणीचा दत्तक मुलगा शिवलिंगप्पा गादीवर बसावा म्हणून सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, आणि शेवटी 1830 मध्ये फितुरीनं पकडला गेला. आजही नंदगडला त्याच्या समाधीपाशी असलेल्या वडाला लोक नवसाचे पाळणे बांधतात, त्यात मराठी पण आणि कानडी पण. कानडी वीर म्हणून मराठी पेपरनं गाळला असं कुणी म्हणायला नको, म्हणून हे आधीच सांगतोय.

दुसरं म्हणजे 1930 आणि 1950 एकाखाली एक नुसतं छापलं की योगायोग वाटतो. तसं नाहीये ते. लाहोर काँग्रेसनं डिसेंबर 1929 मध्ये पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, 26 जानेवारी 1930 ला गावोगाव प्रतिज्ञा झाली, आणि म्हणूनच घटना 26 नोव्हेंबर 1949 ला मंजूर झाली तरी पूर्ण लागू करायला मुद्दाम दोन महिने थांबून हीच तारीख धरली. एवढं कंसात टाकलं असतं तरी पोरांना कळलं असतं.

खरा योगायोग पाहिजे असेल तर हा घ्या, गांधीजी येरवड्यातून सुटले ते 26 जानेवारी 1931 ला, रायण्णाच्या फाशीला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. आणि रायण्णाचा जन्म 15 ऑगस्टचा सांगतात! आमच्याकडं शाळेत दोन्ही दिवशी झेंडावंदनाला भाषणं ऐकली, हे मात्र कुणी बोललं नाही, मला नंदगडच्या यात्रेत एका म्हाताऱ्यानं सांगितलं.

भुजचा भूकंप छापला ते बरं केलं. सकाळी पावणेनऊची वेळ, अंजारला प्रभातफेरीतली पोरं गल्लीतच ढिगाऱ्याखाली गेली, अजून आठवलं की कसंतरी होतं.

तर पुढच्या वर्षी 1831 ची एक ओळ घाला, सगळ्यात वर घातली तरी चालेल.

आपला रोजचा वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव